ट्रॉम्बेची ‘काली’ आणि अंतराळातील ढाल

मानखुर्द-चेंबूरच्या पलीकडे, ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्राचा विस्तीर्ण परिसर पसरला आहे. आशियातील पहिली अणुभट्टी म्हणून ओळखली जाणारी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी येथेच कार्यान्वित झाली. पुढे ‘सायरस’ आणि ‘ध्रुव’ या अणुभट्ट्याही येथेच उभ्या राहिल्या. तरीही संरक्षणविषयक चर्चेत रस घेणाऱ्या सामान्य वाचकांत या केंद्राचे सर्वाधिक गाजलेले यंत्र विचारले, तर उत्तर बहुधा अणुभट्टीचे येत नाही. ते ‘काली’चे येते. ‘किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर’ या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून हे संहारक देवतेचे नाव तयार झाले आणि यंत्राची कीर्ती त्या नावाला साजेशीच पसरली. शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच जाळणारे, उपग्रह निकामी करणारे, भारताचे गुप्त किरणास्त्र अशी त्याची ख्याती आहे. एप्रिल २०१२ मध्ये सियाचीनजवळ गयारी येथे पाकिस्तानी लष्कराच्या तळावर हिमकडा कोसळून सुमारे १४० जणांचा बळी गेला, तेव्हा तो हिमकडाही ‘काली’नेच वितळवून पाडला, अशी आवई उठली होती.

प्रत्यक्षात ‘काली’ हा इलेक्ट्रॉनांना अतिशय अल्प काळासाठी प्रचंड वेग देणारा त्वरक आहे. प्रयोगशाळेतल्या एका त्वरकाला अस्त्राची कीर्ती का मिळावी, हे समजून घ्यायचे तर त्याआधीच्या चार दशकांत अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी अंतराळातून क्षेपणास्त्रे पाडण्याच्या ध्यासापायी काय काय केले, ते पाहावे लागते. त्या कथेतील एक महत्त्वाचा अध्याय बारामतीत जन्मलेल्या एका अभियंत्याच्या नावावर आहे.

रेगन यांचे भाषण आणि त्याआधी

अंतराळातील ढालीची चर्चा बहुतेकदा २३ मार्च १९८३ पासून सुरू केली जाते. त्या रात्री अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करताना अण्वस्त्रे निष्प्रभ आणि कालबाह्य ठरवणारी संरक्षणव्यवस्था शोधण्याचे आवाहन आपल्या शास्त्रज्ञांना केले. दुसऱ्याच दिवशी सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी या कल्पनेची ‘स्टार वॉर्स’ म्हणून संभावना केली आणि टीका म्हणून दिलेले हे नाव कायमचे चिकटले. १९८४ मध्ये लेफ्टनंट जनरल जेम्स अब्राहमसन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संघटना स्थापन झाली. ‘सामरिक संरक्षण उपक्रम’ हे तिच्या कार्यक्रमाचे अधिकृत नाव. जगाला तो ‘एसडीआय’ म्हणून माहीत आहे.

कल्पना मात्र रेगन यांच्याहून बरीच जुनी होती. इलेक्ट्रॉनांच्या झोताने क्षेपणास्त्र पाडता येईल काय, याचा अभ्यास अमेरिकेने ‘सीसॉ’ या प्रकल्पाद्वारे १९५८ मध्येच सुरू केला होता. चौदा वर्षांच्या खटाटोपानंतर, १९७२ मध्ये तो गुंडाळण्यात आला. त्याच वर्षी २६ मे रोजी दोन्ही महासत्तांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा ‘एबीएम’ करार केला. त्यामागचा तर्क वरकरणी विचित्र होता. दोघांपैकी कोणाकडेच ढाल नसेल तर पहिला वार करण्याचे धाडस कोणी करणार नाही, उलट एकाकडे ढाल आली तर दुसरा अधिक तलवारी जमवील, असा तो तर्क होता. अंतराळात अशी यंत्रणा विकसित करण्यास, तिची चाचणी घेण्यास आणि ती तैनात करण्यास या कराराने स्पष्ट मनाई केली होती.

यापुढचा एक प्रसंग ‘काली’च्या संदर्भात मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मे १९७७ मध्ये अमेरिकेतील ‘एव्हिएशन वीक’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने, सोव्हिएत संघ सेमिपालातिन्स्क येथे कणझोताचे अस्त्र उभारत असल्याचे वृत्त दिले. उपग्रहांनी टिपलेली अवाढव्य बांधकामे हाच त्याचा मुख्य आधार. वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. शीतयुद्ध संपल्यानंतर उघड झाले ते असे, की तेथे अणुऊर्जेवर चालणाऱ्या अग्निबाणाच्या इंजिनाचे प्रयोग चालू होते. कुंपणाआडच्या प्रयोगशाळेत काय चालले असेल याचे उत्तर आपल्याच भीतीतून शोधण्याची सवय फक्त पाकिस्तानी किंवा भारतीय वाचकांनाच आहे, असे नव्हे.

रेगन यांच्या भाषणानंतर या सर्व जुन्या कल्पनांना नव्याने पैसा मिळाला. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील एडवर्ड टेलर आणि त्यांचे सहकारी क्ष-किरण लेसरचा पुरस्कार करीत होते. अंतराळात अणुस्फोट घडवायचा आणि त्या स्फोटाच्या ऊर्जेतून क्ष-किरणांचे झोत क्षेपणास्त्रांवर सोडायचे, अशी ती योजना होती. अण्वस्त्रे कालबाह्य करण्यासाठी अंतराळात अण्वस्त्रेच ठेवायची, हा त्यातला विरोधाभास टीकाकारांच्या नजरेतून सुटला नाही, कारण १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार त्यालाही बंदी होती. याशिवाय रासायनिक लेसर, मुक्त इलेक्ट्रॉन लेसर, हायड्रोजनच्या उदासीन अणूंचे झोत आणि पुढे ‘ब्रिलियंट पेबल्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या, हजारोंच्या संख्येने कक्षेत फिरणाऱ्या छोट्या मारक यानांची कल्पना, असे अनेक पर्याय पुढे आले.

भारताने त्या काळात या उपक्रमाला विरोध केला होता. २८ जानेवारी १९८५ रोजी राजीव गांधी यांच्या यजमानपदाखाली दिल्लीत भारत, अर्जेंटिना, ग्रीस, मेक्सिको, स्वीडन आणि टांझानिया या सहा देशांच्या नेत्यांनी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात अंतराळातील शस्त्रस्पर्धा रोखण्याची मागणी ठळकपणे होती. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये आइसलँडमधील रेक्याविक येथे रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्यात अण्वस्त्रकपातीवर ऐतिहासिक एकमत होता होता राहिले, तेही याच मुद्द्यावर. एसडीआय प्रयोगशाळेपुरता मर्यादित ठेवण्यास रेगन तयार झाले नाहीत.

बारामतीचे पटेल

या उपक्रमाचे पहिले सविस्तर आणि जाहीर वैज्ञानिक मूल्यमापन अमेरिकन फिजिकल सोसायटीने केले. भौतिकशास्त्रज्ञांच्या या संस्थेने नेमलेल्या अभ्यासगटाचे दोन सहअध्यक्ष होते. एक हार्वर्डचे नोबेल पारितोषिक विजेते निकोलास ब्लोमबर्गन आणि दुसरे बेल प्रयोगशाळेतील कुमार पटेल.

चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामतीत झाला. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध लावला. १९६४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आज धातू कापणाऱ्या कारखान्यांपासून शल्यचिकित्सेपर्यंत सर्वत्र वापरला जाणारा हा लेसर. पण ‘स्टार वॉर्स’च्या कथेत त्याला आणखी एक स्थान आहे. आधीचे लेसर क्षीण होते. अस्त्र म्हणून विचार करता येईल इतकी शक्ती लेसरमधून काढता येते, हे प्रथम दिसले ते कार्बन डायऑक्साइड लेसरच्या पुढील आवृत्त्यांमुळेच. अमेरिकन हवाई दलाने १९८३ मध्ये विमानात बसवलेल्या लेसरने ‘साइडवाइंडर’ क्षेपणास्त्रे निकामी केल्याचे जाहीर केले, तो लेसरही याच जातीचा होता. म्हणजे लेसर अस्त्राच्या आशेला ज्यांच्या शोधाने बळ मिळाले, त्यांच्याकडेच त्या आशेचे माप घेण्याचे काम आले.

अभ्यासगटाला गोपनीय कागदपत्रे पाहण्याची मुभा देण्यात आली होती. अहवाल १९८६ मध्ये तयार झाला. सरकारी छाननीत काही महिने गेल्यावर एप्रिल १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याची भाषा कोरडी आहे आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. हे तंत्र अशक्य आहे, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. प्रत्येक तंत्र आज कोठे आहे आणि अस्त्र म्हणून उपयोगी पडण्यासाठी ते कोठे असावे लागेल, एवढेच त्यात मोजलेले आहे. रासायनिक लेसरची शक्ती, झोताचा दर्जा टिकवून, किमान शंभर पटींनी वाढवावी लागेल. उदासीन कणांच्या झोतासाठी त्वरकाचे व्होल्टेज आणि झोत चालू राहण्याचे प्रमाण प्रत्येकी शंभर पटींनी वाढवावे लागेल. क्ष-किरण लेसरच्या तर मूळ भौतिकी संकल्पनांचीच पडताळणी व्हायची आहे. ही अस्त्रे परिणामकारक ठरतील की नाही याचा जाणतेपणाने निर्णय घ्यायचा, तर त्यासाठी लागणारे ज्ञान मिळवायलाच, सर्व काही अनुकूल घडले तरी, दहा किंवा अधिक वर्षे लागतील.

शंभर पट हा शब्द उच्चारायला सोपा आहे. त्याचा अर्थ समजण्यासाठी अंतराळातील लढाईचे गणित थोडक्यात पाहायला हवे. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचे इंजिन साधारण तीन ते पाच मिनिटे जळते. तेवढ्याच वेळात ते सर्वांत ठळक दिसते आणि सर्वांत नाजूकही असते. त्यानंतर त्यातून अनेक स्फोटकशीर्षे आणि त्यांच्यासारखीच दिसणारी बनावट शीर्षे बाहेर पडतात. खरे कोणते आणि खोटे कोणते, हे हवेविना पोकळीत ओळखणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून मारायचे ते पहिल्या मिनिटांतच. पण कमी उंचीवरचा उपग्रह दीड तासात पृथ्वीला फेरी घालतो आणि हव्या त्या क्षणी तो बहुधा दुसऱ्याच कोणत्या तरी समुद्रावर असतो. एक उपग्रह योग्य जागी असावा यासाठी बाकीचे कितीतरी उपग्रह चुकीच्या जागी फिरत ठेवावे लागतात. ही अडचण कोणत्याही लेसरने सुटणारी नाही. ती कक्षेच्या भूमितीतच आहे.

अहवालानंतर राजकीय वारे हळूहळू बदलले. सोव्हिएत संघाने १५ मे १९८७ रोजी ‘एनर्जिया’ या महाकाय अग्निबाणावरून ‘पोल्युस’ हे लेसर-मंचाचे प्रारूप सोडले, पण ते कक्षेत पोचलेच नाही. अमेरिकेने जुलै १९८९ मध्ये उदासीन कणांचा झोत निर्माण करणारा छोटा त्वरक अग्निबाणातून अवकाशात नेऊन चालवून दाखवला. प्रयोग यशस्वी झाला. अस्त्र मात्र तितकेच दूर राहिले. पुढे सोव्हिएत संघच उरला नाही. १३ मे १९९३ रोजी संरक्षणमंत्री लेस अस्पिन यांनी ‘स्टार वॉर्स’ युग संपल्याचे जाहीर केले. तोपर्यंत सुमारे तीस अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि कक्षेत एकही अस्त्र नव्हते.

पैसा कोठे मुरला

एवढा पैसा सगळाच वाया गेला, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. एसडीआयसाठी विकसित झालेल्या हलक्या संवेदकांची परीक्षा घेण्यासाठी २५ जानेवारी १९९४ रोजी ‘क्लेमेंटाइन’ हे यान चंद्राकडे पाठवण्यात आले. त्याने चंद्राचा संपूर्ण नकाशा तयार केलाच, शिवाय ध्रुवाजवळच्या सावलीतील विवरांत बर्फ असावा, असे संकेतही दिले. चंद्रावरील पाण्याचा जो शोध २००८ मध्ये निघालेल्या ‘चांद्रयान-१’च्या निरीक्षणांतून पुढे गेला, त्याच्या आधीच्या पावलांत या लष्करी यानाचे पाऊल आहे.

दुसरे उदाहरण पुण्यापर्यंत येते. जमिनीवरून अंतराळात लेसर सोडायचा तर वातावरणातील थरथरीमुळे तो विस्कटतो. ही थरथर मोजण्यासाठी आकाशात लेसरनेच एक कृत्रिम तारा निर्माण करायचा आणि त्याच्या आधारे आरशाचा आकार सेकंदात शेकडो वेळा बदलत राहायचा, हे तंत्र अमेरिकन लष्करी प्रयोगशाळांनी गुप्तपणे साधले होते. दोन फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी हीच कल्पना १९८५ मध्ये स्वतंत्रपणे मांडली, तेव्हा लष्करी शास्त्रज्ञांना गप्प बसून राहावे लागले. मे १९९१ मध्ये हे काम खुले करण्यात आले आणि जगभरच्या मोठ्या दुर्बिणींना नवी दृष्टी मिळाली. जयंत नारळीकर यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेने कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीबरोबर मिळून ‘रोबो-एओ’ ही यंत्रणा उभारली, तिचा पाया हाच. मानवी हस्तक्षेपाशिवाय काम करणारी ही लेसर यंत्रणा २०११ पासून अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसवण्यात आली. क्षेपणास्त्र जाळण्यासाठी शोधलेली युक्ती अशा रीतीने ताऱ्यांच्या जोड्या वेगळ्या करून पाहण्याच्या कामी आली.

ट्रॉम्बेतील यंत्र

आता पुन्हा ‘काली’कडे. या प्रकल्पाची कल्पना १९८५ मध्ये पुढे आली आणि प्रत्यक्ष काम १९८९ मध्ये सुरू झाले, असे सामान्यतः सांगितले जाते. १९८५ साल म्हणजे एसडीआयच्या गाजावाजाचा ऐन काळ. ‘काली’चा संबंध अंतराळातील अस्त्रांशी जोडला गेला त्याला हा योगायोगही कारणीभूत असावा. माहितीचा गोंधळ तर आरंभापासूनच आहे. ‘भाभा केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. राजगोपाल चिदंबरम यांनी १९८५ मध्ये ही कल्पना मांडली’ हे वाक्य असंख्य लेखांतून जसेच्या तसे फिरत असते. वस्तुतः १९८४ ते १९९० या काळात केंद्राचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार होते, चिदंबरम यांनी ते पद १९९० मध्ये स्वीकारले. साधी पदाची तारीख तपासण्याचे कष्टही जेथे घेतले जात नाहीत, तेथे अस्त्राच्या मारकशक्तीचे आकडे कोण तपासणार?

‘काली’ हे एकच यंत्र नसून मालिका आहे. काली-८०, २००, १०००, ५००० आणि १०००० अशी तिची नावे सांगितली जातात. आकडा वाढतो तशी यंत्राची शक्ती वाढते. यंत्राचे तत्त्व समजायला कठीण नाही. विजेचा साठा करणारे अनेक कपॅसिटर आधी सावकाश भारित केले जातात आणि मग एका क्षणात एकापाठोपाठ एक जोडल्यासारखे रिते केले जातात, त्यामुळे लाखो व्होल्टचा दाब तयार होतो. या व्यवस्थेला ‘मार्क्स जनरेटर’ म्हणतात. तो दाब आणखी आवळून अत्यल्प काळाचा स्पंद बनवला जातो आणि त्या स्पंदाच्या जोरावर ऋणाग्रातून इलेक्ट्रॉनांचा लोंढा बाहेर फेकला जातो. हे सगळे पेलायला हजारो लिटर तेलाने भरलेल्या टाक्या लागतात. काली-५००० चे वजन दहा टन आणि काली-१०००० चे सव्वीस टन असल्याचे सांगितले जाते.

काली-५००० चे प्रसिद्ध झालेले आकडे असे : इलेक्ट्रॉनांची ऊर्जा १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, प्रवाह ४० हजार अँपिअर, स्पंदाचा काळ ५० ते १०० नॅनोसेकंद, शक्ती ४० गिगावॉट. यातल्या शेवटच्या आकड्यानेच सर्वांचे डोळे दिपवले. ४० गिगावॉट म्हणजे ऐन उन्हाळ्यात संपूर्ण मुंबईला लागणाऱ्या विजेच्या जवळजवळ दहापट. पण ही शक्ती टिकते ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागापुरती. शक्तीला काळाने गुणले की ऊर्जा मिळते आणि येथे तो गुणाकार सुमारे ४ हजार ज्यूल इतका येतो. तेवढ्या ऊर्जेने एक लिटर पाणी अवघे एक अंश सेल्सियसने तापते. अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाबाहेरच्या टपरीवरचा एक कटिंग चहा उकळायचा म्हटले, तरी ‘काली’चे निदान पाच-सहा स्पंद खर्ची पडतील आणि दोन स्पंदांमध्ये यंत्र पुन्हा भारित होण्याची वाट पाहावी लागेल ती वेगळीच. तुलनेसाठी, अमेरिकेने बोइंग ७४७ विमानात बसवलेल्या ज्या लेसरने ११ फेब्रुवारी २०१० रोजी एक क्षेपणास्त्र हवेत पाडले, तो मेगावॉट वर्गातला होता आणि त्याला लक्ष्यावर काही सेकंद स्थिर राहावे लागले. म्हणजे ऊर्जा किमान हजारपट. तोही कार्यक्रम पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०११ मध्ये, अव्यवहार्य ठरवून बंद करण्यात आला.

दुसरा प्रश्न अंतराचा. १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन हवेत जेमतेम चार मीटर जातो. उपनगरातल्या फ्लॅटच्या दिवाणखान्याची लांबी साधारण तेवढीच असते. हवेबाहेर, अंतराळात हा अडथळा नसतो, पण तेथे दोन नव्या अडचणी उभ्या राहतात. इलेक्ट्रॉन सारख्याच भाराचे असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात आणि झोत फुटतो. शिवाय पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्याला वाकवते. अमेरिकनांनी अंतराळासाठी उदासीन कणांचा झोत निवडला तो याच कारणाने. सियाचीनचा हिमकडा पाडण्याची गोष्ट या दोन परिच्छेदांतच निकालात निघते.

मग ‘काली’चा उपयोग काय? उपयोग आहे आणि तो अफवांपेक्षा अधिक खरा आहे. इलेक्ट्रॉनांचा लोंढा धातूवर आदळवला की क्ष-किरणांची लखलख निर्माण होते. बंदुकीच्या गोळीसारख्या अतिवेगवान वस्तूंची क्ष-किरण छायाचित्रे त्यातून घेता येतात. दुसऱ्या रचनेत हाच लोंढा शक्तिमान मायक्रोवेव्ह लहरी निर्माण करतो. या लहरी काही जाळत नाहीत, पण इलेक्ट्रॉनिक मंडलांत नको तेथे व्होल्टेज निर्माण करून त्यांना भांबावून टाकतात किंवा कायमचे निकामी करतात. हलक्या लढाऊ विमानाच्या, म्हणजे ‘तेजस’च्या, इलेक्ट्रॉनिक प्रणाली अशा हल्ल्यात टिकतील की नाही याची परीक्षा घेण्यासाठी या यंत्राचा उपयोग झाल्याची वृत्ते आहेत. नावातच ‘इंजेक्टर’ हा शब्द आहे, हेही विसरून चालणार नाही. इंजेक्टर म्हणजे पुढच्या यंत्रात कण सोडणारे आरंभीचे यंत्र. भाभा केंद्राच्या इतर त्वरकांची दिशा तर पूर्णपणे नागरी आहे. नवी मुंबईत खारघर येथील इलेक्ट्रॉन बीम केंद्रात प्लास्टिकसारख्या पदार्थांचे गुणधर्म सुधारण्याचे काम चालते.

मायक्रोवेव्ह लहरींच्या बाजूने मात्र शंकेला थोडी जागा उरते. ड्रोन आणि संगणकांच्या काळात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा भांबावून टाकणारे अस्त्र ही काल्पनिक गोष्ट राहिलेली नाही. ‘काली’सारख्या यंत्रातून त्याचे ज्ञान मिळते, हे नाकारता येणार नाही. २०१५ मध्ये ‘काली-५०००’ सैन्यदलांत दाखल करण्याचा विचार आहे काय, असा प्रश्न संसदेत आला. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी ही माहिती संवेदनशील असून ती उघड करणे राष्ट्रीय सुरक्षेच्या हिताचे नाही, असे उत्तर दिले. उत्तर प्रशासकीयदृष्ट्या योग्यही असेल. पण पटेल-ब्लोमबर्गन अहवालाला गोपनीय कागदपत्रे पाहूनही जे जाहीरपणे सांगता आले, त्याची आठवण अशा वेळी होते. तेथे गुपिते शाबूत राहिली आणि नागरिकांना अंतर किती आहे तेही कळले. येथे गुपित राहिले आणि उरलेली जागा अफवांनी भरली.

मुंबईवर ढाल

हा प्रश्न मुंबईकरांसाठी केवळ कुतूहलाचा नाही. कराची ते मुंबई हे हवाई अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला ते कापायला आठ-नऊ मिनिटे पुरतात. अंधेरीहून सुटलेली जलद लोकल तेवढ्या वेळात बोरिवलीला पोचत नाही.

१९८५ मध्ये अंतराळातील शस्त्रस्पर्धेला विरोध करणाऱ्या भारताची भूमिका १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर बदलत गेली. १ मे २००१ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नव्या क्षेपणास्त्र संरक्षणाची घोषणा केली, तेव्हा वाजपेयी सरकारने तिचे स्वागत केले आणि अनेकांच्या भुवया उंचावल्या. अमेरिका जून २००२ मध्ये एबीएम करारातून बाहेर पडली. भारतानेही आपली ढाल उभारण्यास घेतली. पण ती किरणांची नव्हे, तर क्षेपणास्त्राने क्षेपणास्त्र पाडण्याची आणि जमिनीवरूनच. २७ नोव्हेंबर २००६ रोजी ‘पृथ्वी’वर आधारित भेदक क्षेपणास्त्राने सुमारे ५० किलोमीटर उंचीवर लक्ष्य टिपले, डिसेंबर २००७ मध्ये दुसऱ्या क्षेपणास्त्राने ते १५ किलोमीटर उंचीवर साधले. २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’मध्ये ‘मायक्रोसॅट-आर’ हा भारताचाच उपग्रह सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर नष्ट करण्यात आला, तो याच कार्यक्रमातून उत्क्रांत झालेल्या क्षेपणास्त्राने. कक्षा मुद्दाम खालची निवडली असली, तरी काही अवशेष त्याहून कितीतरी वर फेकले गेले.

२०१२ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने पहिल्या टप्प्यातील ढाल तयार असल्याचे सांगितले आणि तिच्यासाठी दिल्ली व मुंबई ही शहरे निवडल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. त्या वेळच्या मथळ्यांवरून मुंबई लवकरच सुरक्षित होणार, असा अनेकांचा समज झाला. चाचणीत यशस्वी ठरलेले क्षेपणास्त्र आणि शहरावर अहोरात्र जागी असलेली यंत्रणा यांत रडार, भेदक क्षेपणास्त्रांचे साठे, प्रशिक्षित दल आणि निर्णयाची साखळी असे बरेच काही असते, आणि लक्ष्य कोठून, केव्हा येणार हे चाचणीच्या दिवशी ठाऊक असते. ही ढाल मुंबईवर बसल्याची घोषणा त्यानंतर झालेली नाही. चाचण्या मात्र चालू राहिल्या : २ नोव्हेंबर २०२२ रोजी लांब पल्ल्याचे ‘एडी-१’, २४ जुलै २०२४ रोजी दुसऱ्या टप्प्यातील यंत्रणा. किरणास्त्रांच्या बाबतीतही १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे ३० किलोवॉटच्या लेसरने ड्रोन पाडून दाखवले. तीस किलोवॉट आणि ड्रोन, हे प्रमाण ध्यानात घेतले की क्षेपणास्त्र किती दूर आहे याची कल्पना येते.

रेगन यांच्या स्वप्नाला २०२५ मध्ये पुन्हा पालवी फुटली. २७ जानेवारीला अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अंतराळातील भेदक यानांसह देशव्यापी ढाल उभारण्याचा आदेश काढला आणि मे महिन्यात ‘गोल्डन डोम’ या नावाने तिचा खर्च १७५ अब्ज डॉलर सांगितला. त्याच वर्षी अमेरिकन फिजिकल सोसायटीने नवा अहवाल काढला. त्यातील हिशेबाप्रमाणे उत्तर कोरियाचे एकच घन इंधनाचे क्षेपणास्त्र इंजिन जळत असतानाच पाडायचे, तर त्यासाठी हजाराहून अधिक भेदक याने कक्षेत फिरती ठेवावी लागतील.

भारतात १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘मिशन सुदर्शन चक्र’ जाहीर केले. सामरिक ठिकाणांबरोबरच रुग्णालये, रेल्वे आणि श्रद्धास्थाने यांनाही २०३५ पर्यंत संरक्षणाच्या कवचाखाली आणण्याचे ते उद्दिष्ट आहे. कोणती शहरे आधी येणार, हे त्या भाषणात सांगितले गेले नाही.